पडद्यावरचं नाव

द्वारका, नवी दिल्ली
४ मार्च २०२५

ती. नीरजाताईंना,
वृंदाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिना चढताय की अजून नाही? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मेसेजमध्ये माझं मन भरत नाही, म्हणून कागदच बरा. इकडे थंडी संपली. रजया उन्हात घालून वर ठेवल्या.

परवा रविवारी आमच्या मंडळाचा ‘पाच मिनिटांत’ हा कार्यक्रम झाला. तुमच्या भावाने सुरू केलेला. प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं, विषय कुठलाही. मागच्या वर्षी इंद्रजित गेला, तेव्हा अर्थातच झाला नाही. या वेळी सगळे म्हणाले, वहिनी, तुम्हीच करा. निम्मे वक्ते हॉलमध्ये, निम्मे पडद्यावरून. त्याचा नियम होता, पडद्यावरचे दोघं लागोपाठ ठेवायचे नाहीत, लोक चहाला उठतात. तो मी पाळला. कॅन्टोन्मेंटमधले सुभेदार उदयसिंह बर्फात दोनशे माणसांचा स्वयंपाक कसा होतो ते सांगणार, मग नागपूरहून प्रभाताई, मग गाझियाबादची कल्पना, असं आलटून पालटून.

तालमी मात्र सगळ्यांच्या ऑनलाइनच घेतल्या. शेजारचा दिलीप माझ्याकडे येऊन लॅपटॉप सांभाळत होता. पहिल्याच संध्याकाळी एकेक जण आत येत होता, आणि एक चिठ्ठी वर आली. ‘इंद्रजित सरदेशमुख यांना आत यायचं आहे.’

ताई, मी ‘आत घ्या’ दाबलं. विचार केला नाही. दार वाजलं की उघडतो तसं.

काळा चौकोन, खाली नाव. कॅमेरा बंद, आवाज बंद. दिलीप म्हणाला, “वहिनी, ये कौन है? कोई मज़ाक कर रहा है यार. काढून टाकू?”

“राहू दे,” मी म्हटलं.

तालीम संपेपर्यंत तो चौकोन होता. सगळे हात हलवून गेले, तो सगळ्यांत शेवटी गेला.

दुसऱ्या तालमीला मी साडी बदलून बसले. का ते विचारू नका. प्रभाताई बोलताना अडखळल्या, आणि मी त्या चौकोनाकडे पाहिलं. कारण अशा वेळी तो मान डोलवायचा, चालू दे म्हणून. काळं ते काळंच होतं, पण प्रभाताईंना मी म्हटलं, “चालू दे.” आवाज माझाच होता का, असं मला क्षणभर वाटलं. घरात एकटीने राहून असं होतं असं डॉक्टर म्हणतील. म्हणू देत.

तिसऱ्या तालमीत त्या चौकोनाचा आवाज चुकून क्षणभर सुरू झाला. लहान मूल कुरकुरत होतं. कोणीतरी “शू… शू…” केलं आणि आवाज बंद झाला.

तेव्हा उलगडलं. इंद्रजित लेकीकडे, शिवांगीकडे डब्लिनला गेला होता तेव्हा त्याचा टॅबलेट तिथेच विसरून आला होता. मंडळाच्या यादीतून त्याचं नाव मी काढलेलं नाही, त्यामुळे मीटिंगचं आमंत्रण तिथे आपोआप जातं. ती आपली शिवांगी होती. कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं ना? मला वाईट वाटलं. तो नव्हताच, हे पुन्हा एकदा कळलं.

शिवांगी माझ्याशी वर्षभर समोरासमोर बोललेली नाही, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. बाळाचे फोटो येतात, ‘जेवलीस का’ येतं. व्हिडिओ लावला की उचलत नाही. तो विषय मी तुमच्यापाशीही टाळला. इंद्रजित गेला त्या दिवशी तुम्ही ऑपरेशनमुळे पुण्यात, ती आठव्या महिन्यात, विमानाची परवानगी नाही. स्मशानात तिच्यासाठी दिलीप फोन धरून उभा होता. तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत आणि मीही बरं झालं असं मानलं.

रविवारी हॉल भरला. सुभेदारांनी लोकांना हसवलं. प्रभाताईंचा आवाज सुरुवातीला घुमला, मग सुधारला. पडद्याच्या कोपऱ्यात तो चौकोन होताच. आपल्या ओळखीच्या कोणी तरी तो पाहिला असणार, कारण मधल्या रांगेत कुजबुज झाली. शेवटचं भाषण संपलं. मी आभार मानायला माईक हातात घेतला, आणि माझ्या तोंडून निघालं, “शिवांगी, तुला काही बोलायचंय का बाळा?”

मग त्या चौकोनातून तिचा आवाज आला.

“आई, त्या दिवशी फोन अडकला होता. बाबांच्या तोंडावरून कोणीतरी माशी हाकलत होतं, तिथेच चित्र थांबलं. नंतर सगळे म्हणाले, नीट झालं सगळं. पण मी पाहिलंच नाही ना. माझ्याकडे बाबा अजून तिथेच आहेत. तू सांगशील म्हणून मी थांबले. तू फोटोंना हार्ट पाठवत राहिलीस.”

दिलीपने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो बिचारा, फोन त्याच्याच हातात होता.

मी लॅपटॉप उचलला आणि हॉलमागच्या व्हरांड्यात नेला. तिने कॅमेरा लावला. ताई, किती वाळलीय. मांडीवर बाळ. कपाळ थेट इंद्रजितचं.

मी तिला सांगितलं. गुरुजींनी विचारलं, अग्नी कोण देणार? चुलतदीर विश्वजितभाऊजी पुढे झाले. मी म्हटलं, मी देते. कोणी अडवलं नाही, कोणी हो पण म्हटलं नाही. फोन बंद पडल्याचं दिलीपने खुणेने सांगितलं, तेव्हा माझ्या हातात जळतं लाकूड होतं. थांबता आलं नाही. गुरुजी म्हणाले, स्वतःचं नाव घ्या. मी म्हटलं, “शिवांगी इंद्रजित सरदेशमुख.” ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा तेच म्हटलं, मोठ्याने.

“म्हणजे मी दिला?” तिने विचारलं.

“तूच दिलास. हात माझा होता.”

ती रडली, मनसोक्त रडली. बाळ तिच्या तोंडाला हात लावत होतं. मग म्हणाली, “आई, हे नाव आता बदलते हां. बाबांचं नको.” माझ्यासमोरच तिने ते पुसलं आणि स्वतःचं लिहिलं. मेमध्ये येते म्हणालीय, बाळाला घेऊन. पहिले दोन दिवस पुण्याला, तुमच्याकडे.

तर ही आनंदाची बातमी आहे, आणि ती आधी लिहायला हवी होती. पण काल संध्याकाळी सवयीने मी साडी बदलून लॅपटॉप उघडून बसले. मीटिंग नव्हती. कोणालाच आत यायचं नव्हतं.

इंद्रजितचा निरोप तिच्या नावाने झाला, ताई. तो मीच घेतला. माझ्या नावाने अजून कोणीच घेतलेला नाही.

तुमच्या भावाच्या घरातून,
वृंदा