‘सर्व’ हा शब्द जागेवर घालावा

मी, सहकारी प्रकाशन संस्थेची मुद्रितशोधक, छापखान्यात जिला सगळे ‘काना-मात्रा’ म्हणतात ती, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचं दडपण नाही. संताप आहे, पण कायद्यात तो दडपणात धरत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या.

१. राहती खोली आणि बँकेत असेल ते मुलीला. तिच्याशी माझं भांडण नाही.

२. माझा शब्दकोश धाकट्या दिराला, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांना. ‘सहकार’ या शब्दाच्या पानात खूण घातली आहे. मोर्चात घोषणा देऊन त्याचा घसा बसायचा, तेव्हा मीच त्याला गरम पाणी करून द्यायचे. आता त्याच्या दारावर ‘विचारल्याशिवाय आत येऊ नये’ अशी पाटी आहे, आणि कामगारांनी पोटाला चिमटा घेऊन उभी केलेली इमारत तो बिल्डरच्या घशात घालायला निघाला आहे.

३. संस्था सुरू झाली तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, यंत्रघराच्या भिंतीवर लाल रंगात नियम लिहिला: ‘ही इमारत सर्व सभासदांच्या संमतीशिवाय विकली जाणार नाही.’ मी इस्पितळात असताना दिराने भिंत रंगवून घेतली आणि नियम पुन्हा लिहवला, ‘सर्व’ गाळून. जाब विचारला तर म्हणतो, “वहिनी, एका शब्दाने काय बिघडतं?” उभा जन्म एकेका अनुस्वारासाठी लेखकांशी भांडलेल्या बाईला हे विचारतो! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नोंदणी झालेल्या नियमावलीत तो शब्द अजून आहे, तिथे त्याचा हात पोचला नाही. बाकीच्यांना त्याने गोड बोलून वळवलं. आता तो फक्त माझ्या मरणाची वाट बघतो आहे.

४. सभासदाचा हिस्सा संस्थेतल्याच कामगाराला देता येतो. माझा हिस्सा, त्यासोबतच्या मतासकट, बाइंडिंग करणाऱ्या बाईला द्यावा. तिला सभासद करून घ्यायचं अध्यक्षांनी आजवर टाळलं. ती मला म्हणाली, “काकू, साहेबांच्या तोंडावर नाही म्हणायला माझी जीभ रेटायची नाही.” मी म्हटलं, “नको म्हणूस. सगळे हात वर करतील तेव्हा तू आपला मांडीवर ठेव.” विक्री अडायला तेवढं पुरतं.

५. लाल रंगाचा डबा आणि ह्यांचा कुंचलाही तिलाच. भिंतीवर जिथे शब्द गाळला आहे तिथे तिने हंसपद काढावं, म्हणजे राहिलेला शब्द घालायची आमची खूण, आणि वर ‘सर्व’ लिहावं. भिंत पुसून सगळं नव्याने सुबक लिहू नये. चूक दिसली पाहिजे.

६. माझ्या शोकसभेत दीर ‘आम्हा सर्वांची हानी’ म्हणणार, हे मला आत्ताच ऐकू येतं आहे. आजवर त्याची सगळी भाषणं मीच तपासली. खुशाल बोलू दे. मात्र भिंतीवर तो शब्द परत येईपर्यंत त्याच्या भाषणातूनही तो गाळावा.

मजकूर मीच तपासला आहे.

सही: काना-मात्रा
साक्षीदार: वकीलबाई, शेजारची शिंपीण (बाइंडरबाईला साक्षीला घेतलं नाही, कारण हिस्सा तिला मिळतो आहे)
स्थळ: छापखान्यामागची माझी खोली
दिनांक: सर्वसाधारण सभेच्या आधीचा सोमवार