गावंडे काकांच्या नावापुढची खूण

१६ नोव्हें., शनिवार
जूनपासून इथे एक ओळ नाही. शाळा होती, मामंजींचं आजारपण होतं, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम होतं. पण खरं सांगायचं तर इथे लिहायला बसलं की स्वतःला जाब विचारावा लागतो, तेच टाळत होते. चुकलंच.

मतदार चिठ्ठ्या वाटून झाल्या. उरलेल्यांची यादी काल तहसीलला दिली : गैरहजर, स्थलांतरित, मयत. गावंडे काका-काकूंपुढे 'स्थलांतरित' लिहिलं. दोनदा गेले, दोन्ही वेळा कुलूप. शेजारीण म्हणाली, पुसदला लेकीकडे गेले, आता तिकडेच राहतील वाटते. नियमाप्रमाणे तिसऱ्यांदा जायचं असतं. गेले नाही.

आज बाजारात काका समोर. डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदू काढून आलेत. "आमच्या चिठ्ठ्या राह्यल्या ना, सूनबाई?" आणते म्हटलं. वांगी न घेताच घरी आले.

१७, रविवार
काका म्हणजे पलीकडच्या पक्षाचे. दर निवडणुकीला आमच्याच गल्लीत दारोदार फिरून आमच्या पक्षाविरुद्ध मतं मागतात. मामंजी त्यांचं नावसुद्धा घेत नाहीत. यांना सगळं सांगितलं तर हसले. "दोन मतं गेली तर गेली. बरंच झालं आपल्यासाठी."
मी हसले नाही. रागावलेही नाही.
दुसऱ्या कोणाचं घर असतं तर तिसऱ्यांदा गेले असते? शुक्रवारी तो शब्द लिहिताना मनात कुठेतरी...

१८, सोमवार
मधल्या सुट्टीत निवडणुकीच्या पर्यवेक्षकांना फोन केला. म्हणाले, नाव कटलं नाही, नुसती खूण आहे. केंद्रावर ओळखपत्र नीट तपासतील, सहीसोबत अंगठाही घेतील, मग मत देता येईल. केवढा जीव भांड्यात पडला!
मग अंगठ्याचं लक्षात आलं. काका निवृत्त हेडमास्तर. संध्याकाळी प्रौढांचे वर्ग घ्यायचे, अर्धा मोहल्ला त्यांच्याकडे सही करायला शिकला. मागे बँकेत कोणी शाईचं पॅड पुढे केलं, तर काम न करता परत आले होते. केंद्रावरूनही तसेच फिरले तर ती दोन मतं माझ्यामुळे गेली. काकू त्यांच्याशिवाय जायच्या नाहीत.

संध्याकाळी चिठ्ठ्या घेऊन गेले. सगळं सांगितलं, अंगठ्याचंही. काकूंनी चहा ठेवला. काकांनी दोन्ही चिठ्ठ्या घडी करून खिशात ठेवल्या. मग :
"तिसऱ्यांदा काहून नाही आल्या, मॅडम?"
मॅडम. लग्न होऊन आले तेव्हापासून सूनबाईच म्हणतात.
शाळा होती, मी म्हणाले. मग राहवलं नाही, म्हटलं, "काका, खरं कारण मलाच ठाऊक नाही."
"तुमच्या उमेदवाराले दोन मतं जड होऊन राह्यली होती का?"
काकू म्हणाल्या, लेकरू घरी येऊन कबूल करून राह्यलं, आता पुरे करा. ते म्हणाले, "तीस वर्षं लोकाइचे अंगठे सोडवले म्या. आता मीच देऊ?"
चहा तसाच ठेवून उठले. येतील का, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

२०, बुधवार. मतदान
सकाळी सातपासून केंद्राबाहेर मदतीच्या टेबलावर. दुपारपर्यंत शुकशुकाट. सगळे कापूस वेचायला. दोन्ही पक्षांची पोरं एकाच कट्ट्यावर बसून एकमेकांना चिडवत होती, तुमचेही वावरात अन् आमचेही वावरात.
चारनंतर वावरातून गाड्या भरभरून आल्या. बायका डोक्याचं फडकंही न सोडता रांगेत. काका नाहीत.
पाचला आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, मागे काकू. माझ्याकडे न पाहता आत. मला आत जायची परवानगी नाही. काकू बाहेर आल्या. काका येईनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आतून मोठा आवाज नाही, हेच काय ते बरं.
मग आले. अंगठ्याची शाई रुमालाला पुसत.
"देल्ला अंगठा. अन् सही केली ते पूर्ण नावानं, बापाच्या नावासकट. त्या पोराले थांबा लागलं." आणि खुर्चीवर टेकत, "सूनबाई, पाणी हाय का?"
बाटली दिली. तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

२१, गुरुवार
दहा तास झोपले. आपल्या केंद्रावर गेल्या वेळेपेक्षा जास्त मतदान. हे विचारतात, म्हाताऱ्याने कोणाला दिलं असेल? कोणाला म्हणजे? आमच्याविरुद्धच. तरी दिवसभर हलकं वाटतंय.

२३, शनिवार
आमचा माणूस निवडून आला. गुलाल दारापर्यंत. दोन मतांनी काही बिघडलं नसतं, हे आता सगळेच सांगतात. त्यासाठी गेले नव्हते, पण सांगत बसले नाही.
यादीची माझी प्रत काढली. प्रत्येक 'स्थलांतरित'पुढे किती वेळा गेले ते आठवून लिहिलं. आमच्या गल्लीतल्या, आमच्याच पक्षाच्या एका घरी चारदा. वर त्यांच्या मुलाला नागपूरला फोन. नाल्यापलीकडे दोन घरं, तिथे दोनदाच. तीही पलीकडच्या पक्षाची. मतदानाला त्यांच्यापैकी कोणी दिसलं का? आठवत नाही. खरंच गेली असतील गाव सोडून. किंवा...

उद्या : नाल्यापलीकडच्या दोन्ही घरी जाऊन येणे.