दोन हजार मीटर खालचं पाणी

११ ऑक्टोबर २०२५, धारूर

वैष्णवीला सोडणार न्हाई!

अरबी समुद्राच्या दोन हजार मीटर खालचं पाणी आम्ही दोघींनी जहाजावर गाळलं. त्यातल्या जिवाणूंचा डीएनए काढून वाचायला दिला. आज निकाल आला – नमुन्यात गोड्या पाण्यातले जिवाणू! विहिरीतले, नळातले! सर फोनवर थंडपणे म्हणाले, बाटल्या कुणीतरी साध्या पाण्यानं विसळल्यात. बाटल्या निर्जंतुक करून, झाकणांवर टेप लावून मी स्वतः सील केलत्या. जहाजावर त्या भरायचं काम वैष्णवीचं. मग कोण? पीएचडीची तीन वर्षं मातीत गेली माझी.

१२ ऑक्टोबर

सरांना मेल केला. तिचं नाव घेऊन.

अब्बा फळांच्या गाड्यावरून सीताफळं घेऊन आले. खा म्हणाले. भिंतीवर फेकून मारावीशी वाटली. चार खाल्ली.

१४ ऑक्टोबर

वैष्णवीचा फोन. रडत होती. "जोया, मी नळाला हातसुद्धा लावला नाही गं." मी का ऐकू? कावून ऐकू? ठेवला फोन.

१६ ऑक्टोबर

जानेवारीच्या जहाजावरून सरांनी तिचं नाव कापलं. तिची पीएचडी लटकली. लटकू दे!

१७ ऑक्टोबर

अम्मीनं विचारलं, एवढी कावून चिडलीस. सगळं सांगितलं. धुणं पिळता पिळता थांबली.

"त्या निळ्या पेटीतल्या बाटल्या? ईदला आणलत्या त्या?"

हो, त्याच. ईद करून मी इथूनच पेटी घेऊन गोव्याला गेलते.

"त्यात मी दुआ फुंकून आडाचं पानी घातलं. चार-चार थेंबच. पोरगी दर्यात चालली, तितं कोन हाय तुजं?"

दूरच्या प्रवासाला निघालेल्याच्या सामानावर अम्मी असं पाणी शिंपडतेच. माझ्या दप्तरावरही शिंपडायची. पण बाटल्यांत! लई ओरडले. सील कावून काढलंस, झाकणं कावून उघडलीस! ती हळूच म्हणाली, बाहेरून शिंपडून आत कसं लागंल. मग उरलेलं धुणं पिळायला लागली.

१८ ऑक्टोबर

सरांना खरं काय ते कळवायला बसलेय. पहिली ओळ अम्मीवर लिहिली. खोडली.

गोव्यात पेटी उघडली तेव्हा सगळ्या झाकणांवरची टेप सुटलेली दिसलती मला. दुसऱ्या बाटल्या मागवायला दोन दिवस लागले असते आणि जहाज दुपारी सुटणार होतं. कुणाला बोलले न्हाई. नवी टेप मीच चिकटवली.