पूरक अभ्यासक्रमांची शेवटची तारीख

मंगळवार, ६ ऑक्टोबर

चूक माझीच. दुसऱ्या कुणाची आहे का ते शोधून पाहिलं, सापडली नाही.

विद्यापीठाच्या पूरक अभ्यासक्रमांची नोंदणी २५ सप्टेंबरला बंद झाली. आमच्या दैनिकात मी ५ ऑक्टोबर छापून मोकळा! गेली अकरा वर्षं शेवटची तारीख ५ ऑक्टोबरच होती. दर वर्षी परिपत्रक येतं. मी पहिली ओळ वाचतो, गेल्या वर्षीची बातमी काढतो, साल बदलतो, पाठवतो. शितावरून भाताची परीक्षा. स्थालीपुलाकन्याय म्हणतात याला. कॉलेजात तो सोदाहरण लिहून दहापैकी नऊ गुण मिळवले होते. यंदा शीत शिजलेलं होतं, भात कच्चा.

काल मुलं अर्ज घेऊन खिडकीशी गेली. खिडकी दहा दिवसांपूर्वीच बंद. आज सकाळपासून फोन. सतरा घेतले. अठराव्याला कात्रीने रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. (कात्री म्हणजे आमची मुख्य उपसंपादक. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते कुणी वापरत नाही.)

काही वाटलं नाही. दुपारी डबा खाल्ला. संपवला.

बुधवार, ७ ऑक्टोबर

शुद्धिपत्र छापून आलं. पान सात, तळाशी, दोन ओळी. मी 'दिलगीर आहोत' लिहिलं होतं. कात्री म्हणाली, जागा नव्हती, तारीख ठेवू का दिलगिरी? तारीख ठेवली. योग्यच केलं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

बायको दंतवैद्य. रात्रीच्या जेवणाला माझा गाल बोटाने दाबून पाहिला, पेशंटचा दाबते तसा. "लागतंय?" म्हणाली. नाही म्हटलं. ही हसली नाही.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

कचेरीत एक मुलगी आली. शेवटच्या वर्षाला, रसायनशास्त्र ऑनर्स. बोटांच्या टोकांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे. बोलता बोलता ते सोलत होती आणि सोललेले माझ्या टेबलावर ओळीने मांडत होती. आल्या आल्या मला 'सर' म्हणाली, दहा मिनिटांत 'काका'. बढती समजायची की काय, ठरलं नाही.

प्रकरण असं. ऑनर्सच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबाहेरचे दोन पूरक अभ्यासक्रम करावे लागतात. दोन झाले नाहीत तर पदवी मिळते, पण प्रमाणपत्रावरून 'ऑनर्स' हा शब्द जातो. खालच्या वर्गातली मुलं पुढच्या वर्षी भरून काढतील. शेवटच्या वर्षाला पुढचं वर्ष नाही. अशी नऊ मुलं आहेत. ही मुलगी त्यांतली एक.

तिने घेतलेला विषय: ग्रंथबांधणी आणि कागदांची दुरुस्ती. पहिला टप्पा गेल्या वर्षी झाला, दुसरा राहिला. जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या अभिलेखागाराच्या दुरुस्तीशाळेत जूनपासून तिची जागा पक्की आहे. अट एकच — ऑनर्स.

मी म्हटलं, रसायनशास्त्रातून एकदम खळ आणि दोऱ्यात कशी पडलीस? म्हणाली, "तीन वर्षं आम्ल आम्ल करत होते काका. ते काय खातं, ते तिथे गेल्यावर दिसलं." मग माझ्या टेबलावरचा आमचाच जुना अंक उचलून कडेचा कपटा चिमटीत चुरला आणि सांगितलं, वर्तमानपत्राच्या कागदाला बाहेरच्या शत्रूची गरज नसते, आम्ल आतच असतं. हे मला! अठ्ठावीस वर्षं मी याच कागदावर आहे.

तेवीस तारखेला विद्यापीठाची समिती बसणार. त्यांचं म्हणणं: तारीख वर्तमानपत्राने चुकवली असेल, तर चुकवणाऱ्याने तसं लेखी द्यावं. मग विचार करू.

मी बघतो म्हणालो. हे वाक्य मी इतरांच्या तोंडून हजारदा लिहून घेतलं आहे. बोलायला सोपं आहे.

ती गेल्यावर ते पापुद्रे कागदावर गोळा केले आणि टोपलीत टाकले.

रविवार, ११ ऑक्टोबर

आमच्या वेळी पूरक विषयाला 'जोडविषय' म्हणत. संस्कृत ऑनर्सबरोबर मी टंकलेखन घेतलं होतं. आमचे गुरुजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. देववाणीच्या शेजारी खटखट! पुढे दैनिकात मुलाखत झाली, तेव्हा व्याकरण कुणी विचारलं नाही. मिनिटाला शब्द किती, एवढंच विचारलं. मुख्य विषयाने संस्कार दिले, जोडविषयाने पगार. ही गोष्ट मी सभासमारंभांत तीस वेळा सांगितली असेल, दर वेळी हशा घेतला. दर वर्षीच्या त्या बातमीखाली चौकटीतही छापायचो — पूरक विषयांनी पदवीला खिडक्या फुटतात वगैरे.

आज स्वतःशी सांगून पाहिली. नुसतीच माहिती वाटली.

सोमवार, १२ ऑक्टोबर

संपादकांच्या खोलीत गेलो. लेखी द्यावं म्हणालो. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग समजावलं: आज नऊ मुलांना लेखी दिलं की उद्या ज्याची गाडी चुकली तोही रांगेत उभा राहील. शुद्धिपत्र छापलं, विषय संपला. फार तर 'परिपत्रक संदिग्ध होतं' असं पत्र देऊ, त्यात आपलंही काही जात नाही.

परिपत्रक संदिग्ध नव्हतं. मी आज ते पहिल्यांदा पूर्ण वाचलं. तारीख ठळक अक्षरात, खाली दुहेरी रेघ.

तसं म्हटलं. ते म्हणाले, "तू वाचलंस हे तुला ठाऊक. न वाचल्याचं कुणाला ठाऊक आहे?"

संदिग्धतेचं पत्र टाइप होऊन माझ्या सहीसाठी टेबलावर आलं. भाषा सुरेख. सही केली नाही. बाणेदारपणा वगैरे काही नाही, पेन दुसऱ्या खोलीत होतं आणि उठवलं नाही.

बुधवार, १४ ऑक्टोबर

मुलीने बोलावलं होतं म्हणून बांधणीची कार्यशाळा बघायला गेलो. तळघरातली लांब खोली, चार दाबयंत्रं, दोरीवर वाळत घातलेले कागद. नोंदणी नाही, तरी शिक्षिका तिला बसू देते. हजेरी मात्र लागत नाही.

एका जन्मनोंदीच्या वहीचं पान तिच्यापुढे होतं. अर्ध्या नोंदी वाळवीने नेलेल्या. भोकांवर पातळ कागद चढवत होती, श्वास धरून. बाजूला इतिहासाचा एक मुलगा, गणिताची एक मुलगी. हिशेब असा की इतिहासवाला अक्षर लावतो, गणितवाली पानांच्या घड्या मोजते, आणि ती खळीत काय किती घालायचं ते ठरवते. तिघे एकमेकांना शहाणपण शिकवत होते, आणि शिक्षिका तिघांनाही. मुख्य विषयाच्या वर्गात हे तिघे एका खोलीत कधी आले असते! बातमीत चौकटीत छापतो ते हेच असावं. मी पाहिलं नव्हतं कधी.

पान उलटं ठेवून तिने विचारलं, "काका, खरं सांगा. वाईट वाटलं का हो तुम्हाला?"

"वाटलं," म्हणालो.

खोटं बोललो. तिने मान डोलावली आणि पुन्हा पानावर वाकली. तिला कळलं असावं. कागदाखाली काय आहे ते बघायची तिला सवय आहे.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

काही नाही. कचेरी, घर.

शनिवार, १७ ऑक्टोबर

हिला सगळं सांगितलं. ही दळणाच्या पिशवीची गाठ सोडत होती, सोडतच राहिली. निवृत्तीला चार वर्षं आहेत, म्हणालो. पत्र दिलं तर शिक्षणाचं काम माझ्याकडे राहणार नाही. न दिलं तर संपादक खूश, आणि तेवीस तारीख आपोआप निघून जाईल.

ही म्हणाली, "मग काय ठरवलंस?"

म्हटलं, ठरवायला आधी काहीतरी वाटावं लागतं ना.

"कुणी सांगितलं?" ही म्हणाली. "मी दात काढते तेव्हा मला काही वाटत नाही. दात काढायचा असतो म्हणून काढते. तू आपला आतून घंटा वाजायची वाट बघत बसलायस, देवळातल्यासारखा."

मग गाठ सुटली आणि ही आत गेली. लग्नाला चोवीस वर्षं झाली. अजून वादात एकदाही जिंकलो नाही, आणि आज तर वादही नव्हता.

मंगळवार, २० ऑक्टोबर

पत्र लिहिलं. चार मसुदे झाले. पहिल्यात 'तारीख चुकीची छापली गेली' — जणू ती आपण होऊन छापली गेली, घरी कुणी नसताना. दुसऱ्यात 'अनवधानाने'. तिसऱ्यात माझी अठ्ठावीस वर्षांची सेवा आली, ती कशाला आली कळेना, काढली. चौथा असा:

'यंदाचे परिपत्रक मी वाचले नाही. गेल्या वर्षीची बातमी साल बदलून पाठवली. गेली अकरा वर्षे असेच करत आलो आहे. तारीख पाहण्याची जबाबदारी माझी होती. ज्या विद्यार्थ्यांनी माझ्या बातमीवर विश्वास ठेवला, त्यांचा यात दोष नाही.'

खाली नाव, हुद्दा, सही. दैनिकाच्या कागदावर नाही, साध्या कोऱ्यावर. हातानेच नेऊन दिलं. उपकुलसचिवांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. "असं कुणी देत नाही हो," म्हणाले. नापसंती होती की दुसरं काही, कळलं नाही. पोचेवर शिक्का मारून दिला.

परत येताना चपलांचा एक जोड घेतला. जुना बरा होता.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

समिती बसली. मी बाहेर बाकावर. आत नऊ मुलं आणि टेबलापलीकडे पाच माणसं. दार जाड, काही ऐकू आलं नाही. तासाभराने मुलं बाहेर आली, घोळक्याने, सुटका झाल्यासारखी. त्यांच्यामागून जरा वेळाने बांधणीवाली. माझ्यापाशी थांबली. "पत्र चांगलं होतं काका," म्हणाली. निबंध तपासून दिल्यासारखं. निर्णय दहाएक दिवसांत कळवणार आहेत.

कचेरीत पोचलो तोवर पत्राची बातमी माझ्याआधी पोचली होती. संपादकांनी आवाज चढवला नाही. सोमवारपासून मी 'आजचे कार्यक्रम' हे सदर बघायचं. "त्यात तारखा फार असतात," म्हणाले, "जपून." विनोद चांगला होता. आमच्यात पहिल्यापासून तेच जास्त विनोदी.

मंगळवार, २७ ऑक्टोबर

नवं काम. व्याख्यानं, प्रदर्शनं, रक्तदान शिबिरं. प्रत्येक आयोजकाला फोन करून दिवस, वार, वेळ विचारतो. एक गृहस्थ वैतागले: "अहो, पत्रिकेत छापलंय की!" म्हटलं, छापलेल्यावर माझा भरवसा नाही. कात्री पलीकडून हसली. फार दिवसांनी कुणीतरी माझ्या बोलण्याला हसलं. मी पुढचा नंबर फिरवला.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

हिने विचारलं, पत्र दिल्यावर हलकं वाटलं का? नाही. जडही नाही. बहुतेक नऊ जणांचं काम होईल, म्हटलं. ही म्हणाली, मग पुरे की.

पुरे.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

निर्णय लागला. आठ जणांना नोंदणीची परवानगी. बांधणीवालीला नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. माझ्या बातमीचं कात्रण रसायनशास्त्राच्या फलकावर तिनेच लावलं होतं. जागा नव्हती म्हणून विद्यापीठाच्या परिपत्रकावरच टाचलं. खरी तारीख त्याच्याखाली गेली. हे कुणालाही ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. समितीने माझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. बाकीची आठ मुलं उठली, आणि ती मागे थांबली. सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. ज्यांची फसगत झाली त्यांना सवलत आहे. जिच्या हातून झाली तिला नाही.

"तुम्ही लिहून दिलंत ना काका. मग मला गप्प बसता येईना."

आवाजात तक्रार नव्हती. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला, आणि मग मला जमिनीवर बसावं लागलं.