एकेचाळीस गावांपुढे 'वरीलप्रमाणे'

मी, निंबा दौलत बोरसे, वय ७६, निवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार अमळनेर, आज हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. माझा मुलगा दीपक म्हणतो की देशाचं सरकार पडद्यामागची सात माणसं चालवतात. त्या सातांपैकी कोणीही माझ्यावर दबाव आणलेला नाही, हेही नमूद करतो.

१. अमळनेरचं राहतं घर माझ्या कष्टाचं आहे. ते नात मेघा हिला देतो. तिचा बाप दीपक याने तिथे हयातभर राहावं, पण पुढच्या खोलीत भरवलेली बैठक बंद करावी. रोज आठ-दहा टाळकी माझा चहा ढोसत सांगतात की केळीचा भाव, परीक्षेचा पेपर, लसीतलं औषध, सगळं ते सात जण ठरवतात. मला किळस येते. स्वतःची त्याहून जास्त येते, कारण हे खूळ माझ्याच एका वाक्यातून उगवलं.

२. सोनखेडीची जमीन दीपकला. सोबत माझी लोखंडी पेटी. तिच्यात १९९२ च्या एका तक्त्याची नक्कल आहे, ती त्याने वाचावी.

तेव्हा मी जळगावच्या एका सरकारी कार्यालयात होतो. कोणत्या गावाला आरोग्य उपकेंद्र नवं हवं किंवा असलेलं चालू ठेवायला हवं, हे गावोगाव विचारून कळवायचं होतं. मी कुठेच गेलो नाही. पहिल्या गावापुढे 'स्थानिक मागणी नाही' लिहिलं आणि खालच्या एकेचाळीस गावांपुढे 'वरीलप्रमाणे' ओढत गेलो. त्यात आमचं सोनखेडीही होतं. नाव दिसलं होतं मला. जेवायची सुट्टी झाली होती, म्हणून हात थांबवला नाही.

वर्षभरात सोनखेडीचं उपकेंद्र बंद झालं, नर्सबाई हलवली. त्याच पावसाळ्यात माझी बायको भिकुबाई बाळंतपणात अडली आणि बैलगाडीतून अमळनेरला आणताना वाटेतच गेली. बाळही गेलं. पंधरा वर्षांचा दीपक गाडी हाकत होता. उपकेंद्र कोणी बंद केलं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, वरून आदेश होता.

मलाही तसंच वाटत होतं. म्हणून तो वरचा माणूस शोधायला निघालो. जळगावने नाशिक दाखवलं, नाशिकने मुंबई. मुंबईच्या कारकुनाने फाईल उघडली, तर तळाशी माझाच तक्ता. वर कोणी बसलंच नव्हतं. माझा कागद न वाचता सह्या घेत वर गेला आणि आदेश होऊन खाली आला. हे मी बत्तीस वर्षं पोरापासून लपवलं. थू आहे माझ्यावर.

३. रोज नवा व्हिडिओ घेऊन बैठकीला येणाऱ्या समाधानला माझा रेडिओ द्यावा. तो बंद आहे, त्यामुळे दोघांचं जमेल.

४. मेघा नर्स झाली. चोपडा तालुक्यात उपकेंद्रावर नेमणूक आहे, रुजू व्हायची मुदत सोमवारी संपते. दीपकने तिचा नेमणुकीचा कागद कपाटात कोंडला आहे. आपल्याच माणसांना सुया टोचायला ते सात जण तिला नेतात, असं त्याचं म्हणणं. तेव्हा हे मृत्युपत्र मी मरायची वाट न पाहता आजच त्याला वाचून दाखवतो.

पुरवणी, त्याच दिवशी. वाचून दाखवलं. आईचं आलं तेव्हा दीपकच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, सुटलो. मग त्याने खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "नाना, खरं सांगा. हाई लिखाले तुमले कोनी सांगं?"

सगळं स्वतःवर घेत मी म्हटलं, "कोनीच नही रे. बठ्ठं मीच करं."

त्याने मान हलवली, दोन्ही साक्षीदारांकडे संशयाने पाहिलं आणि चप्पल घालून निघून गेला.

दाराआड उभ्या मेघाने सगळं ऐकलं होतं. तिने वरवंट्याने कपाटाचं कुलूप फोडलं, कागद घेतला आणि पिशवी भरली. माझा पेन मी तिला आत्ताच देऊन टाकला. प्रत्येक गावात जाऊन विचार, मगच रकाना भर, एवढं सांगितलं. ती दुपारच्या एसटीने चोपड्याला गेली. ही शेवटची चार वाक्यं साक्षीदार लोटनच्या पेनाने लिहिली आहेत.

सही: निंबा दौलत बोरसे
अमळनेर, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार: लोटन गिरधर साळुंखे, भटू उत्तम चौधरी
निंबानानांनी आम्हांला समोर बसवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला लावलं. मगच सही करू दिली.