दोरीच्या टोकावरून श्री. नामदेव शेलार यांना हटवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
त्रिनगर मराठी मंडळ, चंदीगड.

विषय : श्री. नामदेव शेलार यांचे नाव रविवारच्या रस्सीखेच संघातून काढण्याबाबत.
संदर्भ : अर्जदारास मंडळात येण्यास मनाई करणारे आपले पत्र.

महोदय,

मनाई मान्य आहे. समई अर्जदाराने उचलली, यंत्र तिने फोडले आणि चिटणीस शार्दूल यांचा पुढचा दातही तिच्याच हातून गेला. मात्र ही दांडगाई ज्या माणसासाठी झाली, त्यालाच मंडळाने दोरीच्या टोकाला उभे केले आहे, म्हणून हा अर्ज. तो सभेत वाचू नये.

अर्जदाराचे यजमान निवृत्त सुभेदार, सध्या डेराबस्सीच्या औषध कारखान्यात पहाऱ्यावरचे प्रमुख. दोन वर्षांपूर्वी पिंजौरच्या बाजारात भेंडी निवडता निवडता कोसळले. तेव्हापासून त्यांच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढे यंत्र आहे. हृदय उधळले की ते आतून झटका देते. मंडळात हे कोणास ठाऊक नाही. फौजेत मेडिकल कॅटेगरी घसरली की बढती गेली, म्हणून हा माणूस नोकरीभर डॉक्टरांपासून तापसुद्धा लपवीत आला. पेन्शन सुरू झाली, लपवणे सुटले नाही.

मंडळाच्या आरोग्य शिबिरात अंगातली चरबी मोजायचे यंत्र आणले होते. त्यावर अनवाणी उभे राहून दोन मुठी धरायच्या, की अंगातून बारीकशी वीज जाते. पाटीवर हृदयाचे चित्र काढून त्यावर फुली मारलेली होती. यंत्रवाल्या सरदारजींनी रीतसर विचारले, "अंकल जी, छाती में कोई मशीन तो नहीं लगी?" यजमानांनी पोट आत घेतले. "फौजी बॉडी है जी. सब ओरिजिनल."

अर्जदार तेव्हा उद्घाटनाच्या समईत तेल घालीत होती. नवरा मुठी धरून उभा दिसताच तिने पेटत्या वातींसकट समई उचलली. पहिला घाव यंत्राच्या पडद्यावर बसला, दुसरा मुठींवर, आणि तिसरा, शार्दूल मध्ये पडले म्हणून, त्यांच्या तोंडावर. गरम तेल सतरंजीवर सांडले, रक्त पाहुण्यांच्या हारावर उडाले. चारचौघांत शोभा झाली म्हणून यजमानांनी तिची मान बगलेत आवळली. तिने दंडाचा लचका तोडला. त्याच झटापटीत ते घोड्याची लाथ बसावी तसे उडाले आणि आडवे झाले. त्या झटक्याची झिणझिणी अर्जदाराच्या दातांपर्यंत आली. मंडळाने समजूत करून घेतली की बायकोने हाणून पाडले.

समजूत खरी निघाली. इस्पितळात यजमानांच्या हृदयाच्या डॉक्टर, डॉ. मधुवंती, यांनी छातीवर चकती ठेवून आतल्या यंत्राची तपासणी केली. म्हणाल्या, "वहिनी, चरबी मोजताना काहीच बिघडलं नव्हतं. झटका नंतरचा आहे, तुमच्या मारामारीतला. नाडी इतकी धावली की यंत्राला वाटलं, हृदय उधळलं." एकदा निभावले म्हणून न विचारता पुन्हा त्यावर चढायचे नाही, असा दमही त्यांनी यजमानांना दिला.

म्हणजे ज्या विजेची धास्ती घेतली ती निर्दोष, आणि नवऱ्याला पाडणारी अर्जदार. फुटण्याआधी चरबीच्या यंत्राने चिठ्ठी तेवढी काढून दिली : शरीराचे वय चव्वेचाळीस. यजमान ती खिशात घेऊन मिरवतात, आणि ती वाचूनच आपण त्यांना शेवटचा गडी नेमले.

शेवटचा गडी दोर बगलेतून, पाठीवरून डाव्या खांद्यावर घेतो. यंत्र बरोबर त्याच्या खाली. बायकोच्या एका झटापटीत जो आडवा झाला, त्याला समोरून आठ पंजाबी गडी ओढतील तेव्हा काय होईल, याचा हिशेब आपणच मांडावा. घरी विनवून झाले. त्यांचे एकच उत्तर : "दोर सोडला तर लोक विचारतील, का सोडला."

तरी विनंती की, त्यांचे नाव काढावे आणि फळ्यावर कारण लिहावे : पत्नी मारकुटी, सबब पतीस वगळले. लोक त्यावर सहज विश्वास ठेवतील आणि यजमानांची फौजी बॉडी शाबूत राहील.

हे न झाल्यास अर्जदार मनाई मोडून मैदानात येईल. नारळ फोडायचा कोयता पाजळून ठेवला आहे. तो दोरावर चालेल. मध्ये कोण येते ते मंडळाने पाहावे.

आपली मारकुटी सभासद,
सौ. विनया नामदेव शेलार
दि. २९ एप्रिल २०२४

सोबत : चिटणीसांचा दात, धुऊन. समईच्या बैठकीत अडकला होता.