खोकडाचा डावा पाय

बाबा, तुम्ही लीड्सला माझ्याकडे आला होतात, त्या मार्चमधलं एक सांगायचं राहून गेलंय.

लहानपणी गावी, आठ-नऊ वर्षांची असेन. तुम्ही वनमजूर, सकाळी जनावरांचे माग काढायला जायचात. एकदा मलाही नेलंत. ओल्या मातीतला ठसा पाहून मी ओरडले, "आत्ताच वाघ गेला!" तुम्ही सहसा रागवायचा नाहीत, त्या दिवशी रागावलात. "वाघ कुठं दिसला तुले? ठसा दिसला. दिसलं ते आधी सांग, वाटलं ते मागून." मग ठशावर कोळ्यानं विणलेलं जाळं दाखवलंत. वाघ कधीचाच निघून गेला होता. आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने मायक्रोस्कोपखाली तपासते. ज्युनिअर घाईघाईनं आजाराचं नाव घेतात, तेव्हा तुमचंच वाक्य इंग्रजीत ऐकवते. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, की सांगते, माझ्या प्रोफेसरांनी.

त्या मार्चमध्ये लीड्सला एका सकाळी बर्फ पडला होता. मी कामाला निघतेय, आणि तुम्ही फुटपाथवर बर्फातल्या ठशांपाशी गुडघे टेकून बसलेले. "खोकड आहे, आपल्याकडच्यापेक्षा मोठं. पुढचा डावा पाय टेकतच नाही. कुंपणापाशी चल. खालून सरपटलं असंल तर माझं खरं. उडी मारली असंल तर मी चुकलो." समोरची बाई कुत्रा घेऊन येत होती. मी तुमचा दंड धरला. "बाबा, उठा. लोक बघतायत." तुम्ही उठून आत गेलात. संध्याकाळी जेवताना म्हणालात, "बर्फातलं आपल्याले काय समजते? चुकलोच असंन." मी पोळी वाढली.

चार दिवसांनी किचनच्या खिडकीतून मला ते खोकड दिसलं, इथला तांबडा कोल्हा. कुंपणाखालून सरपटत आलं, पुढचा डावा पाय पोटाशी धरून. तुम्ही शेजारच्या खोलीत परतीची बॅग भरत होतात. हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण मग त्या सकाळबद्दल माफी मागावी लागली असती. मी खिडकीचा पडदा ओढला. त्याच वर्षी दिवाळीआधी तुम्ही वारलात, आपण चुकलो असं समजूनच.

उद्या नव्या ज्युनिअर्सना शिकवायचंय. प्रेझेंटेशनमध्ये पहिल्यांदाच तुमचं वाक्य टाकलं, खाली लिहिलं, 'माझे वडील'. पुढे तुमचं काम लिहायचं होतं. 'वनमजूर' टाइप केलं, पुसलं आणि 'वन अधिकारी' असं लिहिलं. अजून बदललेलं नाही.